सिस्टीममध्ये बसत नाही



गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपली, खीर वाटून झाली आणि आम्ही दारात चपला शोधत असताना एका मुलीने आम्हाला गाठले. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला शिकणारी पोर. सोबत तिची आई. आई घरी ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल लावून देते. पिकोचे मशीन घेतले तर धंदा वाढेल म्हणून मायलेकींनी एका बँकेत तीस हजारांच्या कर्जासाठी अर्ज केला होता. आधार, पॅन, लाईट बिल, पासबुक, सगळे कागद दिले. आठ दिवसांनी शाखेत गेल्या तर साहेब म्हणाले, "ताई, तुमचं सिस्टीममध्ये बसत नाही." का बसत नाही? "ते आम्हालाही दिसत नाही. कॉम्प्युटर जे सांगतो तेच आम्ही सांगतो."

मुलीने आम्हाला विचारले, "काका, हा कॉम्प्युटर कोणाचं ऐकतो?"

आईचे म्हणणे निराळे होते. ती म्हणाली, "बरं झालं एका परीनं. माणसानं तर नाही म्हटलं नाही ना? मशीनला आपली जात थोडीच कळते!"

मायलेकींची ही दोन वाक्ये घेऊन आम्ही घरी आलो आणि आठवडाभर ती आमच्या डोक्यातून गेली नाहीत. तेव्हा वाचकहो, आज घरच्या पानावर आम्ही थोडे अवघड दुखणे घेऊन बसलो आहोत.

साहेब ज्याला सिस्टीम म्हणाले, तिच्या पोटात दोन शास्त्रे असतात. एक ऑपरेशन्स रिसर्च आणि दुसरे मशीन लर्निंग. नावे इंग्रजी आहेत म्हणून पान उलटू नका. पहिले शास्त्र आमच्या माता-भगिनी रोज स्वयंपाकघरात वापरतात. पगार सात तारखेला, आज वीस तारीख. हातात आठशे रुपये. घरात पाच माणसे. त्यात एक रात्रपाळीला जाणारा, एक सासू जिला डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलेले, आणि दोन वाढीची पोरे. अशा वेळी आई काय करते? तूरडाळ मागे सारून मसूर पुढे काढते. पालकाची जुडी स्वस्त मिळाली तर डाळीत टाकून दोन वेळा पुरवते. पैसे, माणसे, प्रकृती ही तिची बंधने आणि कोणी उपाशी झोपू नये हे तिचे उद्दिष्ट. बंधने सांभाळून उद्दिष्ट गाठायचे, हाच ऑपरेशन्स रिसर्चचा सगळा धंदा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडच्या फौजेने शास्त्रज्ञांना हाताशी धरून जहाजांचे तांडे, विमाने, रडार यांचा असाच हिशेब मांडला आणि तेव्हापासून या विद्येला हे नाव चिकटले. एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो. त्या आईच्या हिशेबात तिचे स्वतःचे ताट बहुतेक वेळा धरलेलेच नसते. ती शेवटी जेवते, उरले तर.

आता या शास्त्राची एक खरी गोष्ट. अमेरिकेत जॉर्ज स्टिग्लर नावाचे अर्थशास्त्रज्ञ होते. त्यांना पुढे १९८२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी १९४५ साली एक साधा प्रश्न घेतला. एका कामकरी माणसाच्या शरीराला लागणारी सगळी पोषणद्रव्ये कमीत कमी किती पैशात मिळतील? त्यांनी ७७ खाद्यपदार्थ घेतले, ९ पोषणघटक घेतले आणि १९३९ सालचे बाजारभाव लावले. उत्तर निघाले, वर्षाला ३९ डॉलर ९३ सेंट. त्यात काय काय होते? गव्हाचे पीठ, डब्यातले आटवलेले दूध, कोबी, पालक आणि वाळवलेला पांढरा घेवडा. बस्स. वर्षभर हेच. जीव जगेल, पण जेवण म्हणावे असे त्यात काही नाही. स्टिग्लर यांना ते ठाऊक होते. माणसांनी असे खावे असा त्यांचा आग्रहही नव्हता.

पुढे १९४७ साली जॉर्ज डँट्झिग या गणितज्ञाने असे हिशेब पायरीपायरीने सोडवण्याची एक पद्धत शोधली. ती तपासून पाहण्यासाठी स्टिग्लर यांचेच गणित घेतले. तेव्हा आजच्यासारखे कॉम्प्युटर कुठले? नऊ कारकून हाताने चालवायची हिशेबाची यंत्रे घेऊन बसले. एका माणसाचे १२० दिवसांचे काम होईल एवढी मेहनत लागली. उत्तर आले ३९ डॉलर ६९ सेंट. म्हणजे स्टिग्लर यांचा अंदाज फक्त २४ सेंटने चुकला होता. आजचा साधा कॉम्प्युटर हेच गणित डोळ्याची पापणी लवायच्या आत करतो.

पण खरी गंमत पुढे आहे आणि ती डँट्झिग यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. १९५०च्या दशकात डॉक्टरांनी त्यांना वजन कमी करायला सांगितले. ते म्हणाले, मी काय खायचे ते कॉम्प्युटरच ठरवू दे. कॅलरी मर्यादित ठेवायच्या आणि पोट भरल्यासारखे वाटले पाहिजे. पोट भरणे मोजायचे कसे? त्यांनी ठरवले की पदार्थातले पाणी वजा जाता उरलेले वजन जास्तीत जास्त असावे. कॉम्प्युटरने पहिला आहार काढला तर त्यात रोज ५०० गॅलन व्हिनेगर! म्हणजे पाण्याच्या टाक्याच. कारण काय, तर त्या तक्त्यात व्हिनेगरमध्ये पाणी शून्य दाखवले होते. व्हिनेगर काढून टाकले. दुसऱ्या खेपेला यंत्र म्हणाले, मटणाच्या रश्श्याच्या वाळवलेल्या वड्या रोज २०० खा. डँट्झिग यांनी थोड्या वड्या गरम पाण्यात घालून पाहिल्या आणि थुंकून टाकल्या, इतके ते खारट. वड्यांवर मर्यादा घातली तर रोज दोन पौंड कोंडा आला. कोंड्यावर मर्यादा घातली तर मळीचा काळा पाक आला. शेवटी त्यांच्या पत्नी म्हणाल्या की यंत्राचे कागद मी पाहिले आहेत, त्यातल्या चार गोष्टी घेऊन आता मीच तुमचा आहार ठरवते. त्या आहाराने साहेबांचे २२ पौंड वजन उतरले.

ही गोष्ट हसण्यासारखी आहे. पण यंत्राने काही चूक केली होती काय? मुळीच नाही. त्याला सांगितले तेवढे त्याने चोख केले. पाणी नसलेला पदार्थ सांगा म्हटल्यावर तक्त्यात जो होता तो त्याने दिला. एवढे मीठ माणसाला सोसत नाही हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे मिळते. उद्दिष्ट ज्याने लिहिले आणि तक्ता ज्याने भरला, त्या दोघांचे कॉम्प्युटर ऐकतो.

दुसरे शास्त्र मशीन लर्निंग. यात माणूस नियम लिहून देत नाही. यंत्रापुढे जुन्या नोंदींचा ढीग टाकतात आणि सांगतात, यातून तूच शीक. आमच्या नाक्यावरच्या किराणा दुकानाचे उदाहरण घेऊ. दुकानदाराची उधारीची वही वीस वर्षांची आहे. उद्या त्याने नवा पोरगा गल्ल्यावर बसवला आणि सांगितले, वही वाच आणि उधार कोणाला द्यायचे ते ठरव. पोरगा हुशार आहे, प्रामाणिक आहे. तो वही वाचतो. पलीकडच्या सोसायटीतली नावे त्याला पानोपानी दिसतात, उधार घेतले, फेडले, पुन्हा घेतले. आमच्या वस्तीतले एकही नाव दिसत नाही. का दिसत नाही? कारण शेठने आमच्या वस्तीला उधार कधी दिलेच नाही. पोराच्या मनात काहीही वाईट नाही. पण तो शिकतो काय, तर वस्तीतल्या माणसाच्या फेडीचा पुरावा नाही, सबब देऊ नये. शेठचा जुना दुजाभाव पोराने न शिकवता उचलला आणि त्याला नाव मिळाले हिशेब.

आता अमेरिकेतल्या इस्पितळांची गोष्ट ऐका. ही आमच्या मनाची नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'सायन्स' या जगन्मान्य नियतकालिकात ती छापून आली. लिहिणारे चौघे जण, त्यात डॉक्टर झियाद ओबरमायर आणि आपल्याच देशात जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ सेंधिल मुल्लईनाथन.

तिथल्या मोठ्या इस्पितळांत फार आजारी माणसांसाठी खास योजना असतात. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचे दुखणे असे तीन-चार आजार एकदम असलेल्या माणसाला एक वेगळी नर्स नेमून देतात. ती घरी फोन करते, गोळ्या घेतल्या का विचारते, डॉक्टरची वेळ लवकर मिळवून देते. पण जागा थोड्या आणि रोगी फार. निवडायचे कोणाला? म्हणून एक सिस्टीम घेतली. ती प्रत्येक रोग्याला गुण देते. ज्याचे गुण सगळ्यांत वरच्या तीन टक्क्यांत, त्याचे नाव योजनेसाठी आपोआप पुढे येते. अशा सिस्टीम तिथे कोट्यवधी माणसांवर चालतात.

या चौघांनी एका मोठ्या इस्पितळाच्या नोंदी काढल्या. सुमारे ६ हजार काळे रोगी आणि ४३ हजारांहून अधिक गोरे रोगी. त्यांनी पाहिले की सारखेच गुण मिळालेल्या काळ्या आणि गोऱ्या माणसांची तब्येतही सारखीच आहे काय? ती नव्हती. गुण सारखे, पण काळा माणूस जास्त आजारी. योजनेच्या उंबरठ्यावर गोऱ्या माणसाला सरासरी ३.८ जुनाट आजार, तर काळ्या माणसाला ४.८. म्हणजे योजनेत शिरायला काळ्या माणसाला एक आजार जास्त लागत होता. दुखण्याला न्याय लावला असता तर आपोआप निवडल्या जाणाऱ्यांत काळ्यांचे प्रमाण ४६.५ टक्के झाले असते. प्रत्यक्षात ते १७.७ टक्के होते.

आता मुद्दा असा की या सिस्टीमला वर्ण सांगितलेलाच नव्हता. रोगी काळा की गोरा हा रकाना तिच्यासमोर नव्हता. मग हे झाले कसे?

झाले असे की पुढच्या वर्षी कोण जास्त आजारी पडेल, हे सिस्टीमला विचारलेच नव्हते. विचारले होते, पुढच्या वर्षी कोणावर जास्त खर्च होईल. बनवणाऱ्यांना वाटले, जो जास्त आजारी त्याच्यावर जास्त खर्च, दोन्ही एकच. शिवाय खर्चाचा आकडा बिलात तयार असतो, दुखणे मोजायला कष्ट पडतात. पण दोन्ही एकच नाहीत. सारखेच आजार असले तरी काळ्या माणसावर वर्षाला सुमारे १८०० डॉलर कमी खर्च होत होता. कामावरून सुट्टी मिळत नाही, दवाखाना दूर, विमा तोकडा, डॉक्टर नीट ऐकून घेत नाही आणि पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाने आलेला अविश्वास. ज्याच्यावर खर्च झाला नाही तो यंत्राच्या लेखी धडधाकट ठरला. आधी औषध मिळाले नाही म्हणून बिल लहान, आणि बिल लहान म्हणून पुढेही औषध नाही!

वाचकहो, हे वाक्य आम्ही लिहिले आणि पेन खाली ठेवले. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून तिकडच्या आणि इकडच्या दुःखातले साम्य बोलून दाखवले होते. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतले तेही तिकडूनच. दुखण्याची जात एकच आहे हे या समाजाला कोणी नव्याने सांगायला नको.

या गोष्टीचा पुढचा भागही सांगितला पाहिजे, नाहीतर अर्धवट होईल. संशोधकांनी ही बाब सिस्टीम बनवणाऱ्यांना कळवली. दोघांनी मिळून तीच सिस्टीम पुन्हा शिकवली. या वेळी तिला नुसता खर्च न विचारता प्रकृतीही विचारली. तेवढ्याने अन्याय ८४ टक्क्यांनी घटला. यंत्र बदलले नाही, नोंदी बदलल्या नाहीत. फक्त प्रश्न बदलला. आणि तो बदलला कधी? चौघांना आतल्या नोंदी पाहायला मिळाल्या तेव्हा. त्या रोग्यांपैकी कोणालाही आपल्याला गुण दिले जात आहेत हे कळायला काही मार्ग नव्हता.

आता त्या माउलीच्या वाक्याकडे येऊ. मशीनला आपली जात थोडीच कळते! ताई, मशीनला जात कळत नाही हे खरे. पण तिला पिन कोड कळतो. शाळेचे माध्यम कळते. घर स्वतःचे की भाड्याचे, वडील कायम की कंत्राटी, मागच्या दहा वर्षांत खात्यात किती शिल्लक राहिली, हे सगळे कळते. आमच्या देशात एवढे कळल्यावर जात वेगळी कशाला विचारायची? आम्ही नोकरीत असताना "आमच्याकडे जात पाहत नाहीत हो" असे म्हणणारे साहेब पुष्कळ भेटले. ते खोटे बोलत नव्हते. त्यांना पाहण्याची गरजच पडत नव्हती.

कोणाला मोजायचे आणि कसे मोजायचे हे भांडण आपल्याला नवे नाही. १९३२ साली लॉर्ड लोथियन यांच्या अध्यक्षतेखाली मताधिकार समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सभासद होते. अस्पृश्यांची संख्या किती, यावर जागा आणि मते अवलंबून. तोपर्यंत जनगणनेत ही संख्या कोटींनी लिहिली जात होती. समिती फिरू लागली आणि ठिकठिकाणचे साक्षीदार सांगू लागले, आमच्या प्रांतात अस्पृश्य जवळजवळ नाहीतच! संयुक्त प्रांतात जनगणनेचा आकडा सव्वा कोटीच्या घरात, तर प्रांतिक समितीने तो आणला सहा लाखांवर. माणसे तीच, गावाबाहेरची घरे तीच. व्याख्या बदलली आणि माणसे कागदावरून नाहीशी झाली. बाबासाहेबांनी तिथे आपली वेगळी टिपणी जोडली. ते त्या टेबलावर नसते तर तो आकडा कोण खोडून काढणार होता?

आजही हे घडते, आणि फार दूर नाही. शेजारच्या तेलंगणात 'समग्र वेदिका' नावाच्या सिस्टीमने निरनिराळ्या खात्यांच्या नोंदी एकत्र जुळवून रेशनकार्डाला कोण अपात्र ते ठरवले. नावातल्या साम्यामुळे भलत्याची मोटार गरिबाच्या नावावर लागली आणि त्याचे धान्य बंद झाले. आपल्याकडे एका गावात एकाच नावाची पाच माणसे निघतात, हे गावच्या तलाठ्याला ठाऊक असते. सिस्टीमला ते कोणी सांगितले नव्हते. डँट्झिग साहेबांच्या व्हिनेगरसारखेच हे, फक्त इथे हसायला जागा नाही. हजारो नव्हे, लाखो कार्डे रद्द झाली होती. शेवटी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रत्यक्ष घरी जाऊन पुन्हा तपासणी करा.

तथागतांनी कालामांना जे सांगितले ते धम्मवर्गात आपण मुलांना शिकवतोच. परंपरेने आले म्हणून नाही, ग्रंथात आहे म्हणून नाही, मोठ्याने सांगितले म्हणून नाही. त्या यादीत आता स्क्रीनवर दिसले म्हणून नाही, हेही धरायला हवे.

पण सिस्टीम म्हटली की वाईटच, असे आम्ही म्हणत नाही. ज्यांच्या घरी इंजिनिअरिंगला जाणारी मुले आहेत त्यांनी पुढचे लक्ष देऊन वाचावे. १९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली या दोघांनी कॉलेज प्रवेश आणि लग्ने जुळवणे या दोन्हींवर मिळून एकच गणित लिहिले. (आमच्या वधू-वर सूचक मंडळाने नोंद घ्यावी.) प्रत्येक विद्यार्थी आधी आपल्या पहिल्या पसंतीच्या दारात उभा राहतो. कॉलेज आपल्या जागांइतके वरच्या क्रमांकाचे विद्यार्थी तात्पुरते धरून ठेवते, बाकीच्यांना परत पाठवते. परत आलेला दुसऱ्या पसंतीच्या दारात जातो. तिथे त्याच्यापेक्षा खालचा कोणी धरलेला असेल तर तो सुटतो आणि हा आत येतो. असे करत करत हालचाल थांबली की यादी पक्की. शॅपली यांना या विषयासाठी २०१२ साली नोबेल मिळाले.

आय.आय.टी., एन.आय.टी. यांचे एकत्रित प्रवेश २०१५ पासून याच पद्धतीवर चालतात. या पद्धतीचा गुण असा की मनातली खरी आवड पहिल्या क्रमांकावर लिहिल्याने कोणाचेही नुकसान होत नाही. पहिली पसंती हुकली म्हणून दुसरी जाते असे होत नाही. पण आमच्या घरांतून काय होते? "एवढं मोठं कॉलेज आपल्याला कुठलं मिळायला" असे म्हणून बाप पोराला पहिले नाव लिहूच देत नाही. कृपा करून असे करू नका. मोठे नाव वर लिहा, मग पुढची.

आणखी एक महत्त्वाचे. आरक्षित वर्गातल्या मुलाचा क्रमांक सर्वसाधारण गुणवत्ता यादीत असेल, तर त्या अभ्यासक्रमासाठी त्याला आधी खुल्या जागेवर उभे केले जाते. तिथे नाही बसला तरच वर्गवारीच्या जागेवर. गुणवत्तेने खुल्या जागेवर आलेला उमेदवार आरक्षणाच्या जागेत मोजू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने नोकऱ्यांच्या बाबतीत १९९२ च्या मंडल निकालातही सांगितले आहे. ऑफिसातल्या फायलीत या नियमाची कशी वाट लावतात ते ज्यांनी भोगले त्यांना विचारा. या प्रवेशात तो नियम गणितातच लिहिलेला आहे. कोणी टेबलाखालून त्याला हात लावू शकत नाही, आणि नियम छापील असल्यामुळे ज्याला तपासायचा त्याने तपासावा. या सिस्टीममध्ये आणि त्या बँकेच्या सिस्टीममध्ये आम्हाला मोठा फरक दिसतो तो एवढाच.

तर त्या मायलेकींचे काय झाले? बुधवारी संध्याकाळी आम्ही तिघे त्यांच्या खोलीत मुलीचा मोबाईल घेऊन बसलो. कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत. सगळे लोक त्यांना मिळून सिबिल म्हणतात, पण सिबिल ही त्यातली एक. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे यातल्या प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल आपल्याला फुकट द्यायचा असतो. आम्ही तो काढला. कोणाला पैसे देऊ नका, मुलांकडून काढून घ्या.

अहवाल उघडला तर आत काहीच नाही. थकबाकी नाही, चुकलेला हप्ता नाही, काही नाही. बाईने आयुष्यात बँकेचे कर्ज काढलेच नव्हते. ती आमच्याकडे पाहत राहिली. मग उठली आणि कपाटातून शंभर पानी वही घेऊन आली. अकरा वर्षांची भिशी. दर महिन्याचा हप्ता, तारीख, सही. एकही महिना चुकलेला नाही. नवरा आजारी होता त्या महिन्यात मंगळसूत्राची वाटी गहाण ठेवून भरलेला हप्तासुद्धा त्यात लिहिलेला. "हे नाही का धरत, दादा?" तिने विचारले. आम्ही काय सांगणार? ही वही सिस्टीमने पाहिलेली नाही.

रात्री मुलीनेच अर्ज लिहिला. आम्ही फक्त दोन मुद्दे सांगितले. एक, बँकेने कर्ज नाकारले तर त्याचे मुख्य कारण लेखी कळवावे, असे रिझर्व्ह बँकेच्या न्याय्य व्यवहार संहितेत आहे, तेव्हा ते लेखी द्यावे. दोन, पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ जुनी नोंद नाही म्हणून फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने ६ जानेवारी २०२५ च्या निर्देशांत म्हटले आहे, तेव्हा अर्जाचा फेरविचार व्हावा. भिशीच्या वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या. त्या धरतील की नाही माहीत नाही, पण जोडल्या.

गुरुवारी दुपारी दोघी शाखेत गेल्या. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला. आधी म्हणाले, इथे घेत नाही, वरच्या ऑफिसला पाठवा. मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही घ्या आणि पोच द्या. वर तुम्ही पाठवा." दहा मिनिटांनी शिक्का मारून पोच मिळाली. ती पोच आईने भिशीच्या वहीतच ठेवली आहे. उत्तर काय येते ते याच पानावर कळवू.

ज्यांना आपला अहवाल काढायला अडचण येत असेल त्यांनी रविवारी वंदनेनंतर विहारात थांबावे. येताना पॅनकार्ड आणि चालू मोबाईल आणावा. ती मुलगी बसणार आहे.

जयभीम.